अबोलीबरोबर क्योतोला

मुलाकडे परदेशी जाऊन आलेल्या आईला शेजारणी दोन गोष्टी हमखास विचारतात. "तिकडे जेवणाखाण्याचं काय केलंत?" आणि "सून कशी वागली?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आमचा मुलगा टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतो. तिथे आपल्याकडची इतकी कुटुंबं आहेत, की तूरडाळ, हिंग, कढीपत्ता सगळं चालत जाऊन आणता येतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला जरा उलटं द्यावं लागतं. सून चांगलीच वागली. चुकले ती मी. आणि तेही एका बाहुलीपायी!

हसू नका हं. सगळं सांगते.

मी आणि आमचे हे फेब्रुवारीच्या शेवटी टोकियोला पोचलो. तिसऱ्या दिवशी मुलगा-सून कामावर गेल्यावर मी जादा पांघरूण शोधायला भिंतीतल्या कपाटाचं दार सरकवलं आणि अक्षरशः दचकले. आत एक मुलगी बसली होती! चांगली पावणेदोन-दोन फूट उंच, गुडघे मुडपलेले, हात मांडीवर, आणि डोळे थेट माझ्याकडे. क्षणभर वाटलं, ही आता बोलणार. मग मनगटाकडे लक्ष गेलं. तिथे, कोपराला, गुडघ्याला गोल गोळे दिसले. अगं बाई, ही तर बाहुली!

संध्याकाळी सूनबाई आली तेव्हा मी विचारलं. तिला वाटलं, आईंना आवडली. तिचा चेहरा असा उजळला! बाहुली काढून माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "आई, ही अबोली. सात वर्षं झाली हिला माझ्याकडे येऊन."

मी किंमत विचारली. आपण बायका आधी तेच विचारतो, नाही का? एक लाख येनांच्या आसपास, म्हणाली. मनातल्या मनात हिशेब केला. आपले पन्नास-साठ हजार रुपये! बाहुलीला! आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आता कशाला गं हे? खऱ्या बाळाचं बघायचं सोडून..."

सून काही बोलली नाही. तिने अबोलीला उचललं, कपाटात ठेवलं, दार सरकवलं. मग विचारलं, "आई, रात्री भाजी कसली करू या?"

त्या रात्री मला झोप लागेना. आपण काहीतरी वाईट बोललो एवढं कळत होतं, पण त्याहूनही दुसरंच खुपत होतं. हे वाक्य कुठेतरी ऐकलेलं होतं. कुठे, ते पहाटेकडे आठवलं.

माझं माहेर सावंतवाडीचं. आमच्या चितार आळीत लाकडी खेळणी आणि लाकडी फळं करणारे चितारी पिढ्यान् पिढ्या आहेत. लहानपणी बाबांनी तिथून मला एक ठकी आणून दिली होती. लाल लुगडं, पिवळी चोळी, कपाळावर चिरी. हात अंगालाच कोरलेले, त्यामुळे ना वाकायची ना बसायची. पण माझा जीव तिच्यावर! तिचं लग्न मी चार वेळा लावलं. एकोणिसाव्या वर्षी माझं लग्न झालं, तेव्हा तीही माझ्या ट्रंकेत शालूच्या घडीत बसून सांगलीला आली. सासूबाईंनी आलेल्या बायकांना दाखवायला ट्रंक उघडली, आणि ठकी बाहेर निघाली. सगळ्या हसल्या. सासूबाई म्हणाल्या, "आता कशाला गं ही? वर्षाच्या आत खरी येईल." दारात दूधवाल्याची लेक उभी होती, तिला देऊन टाकली.

सासूबाई वाईट नव्हत्या हो. त्या पोरीलाही केवढा आनंद झाला. मीही काही बोलले नाही. नव्या नवरीने काय बोलायचं? पण एकेचाळीस वर्षांनी, तेही जपानात, तेच "आता कशाला गं" माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं.

आमच्या पिढीत सासू सुनेची माफी मागत नाही. मला ते जमलंही नसतं. सकाळी चहा घेताना मी एवढंच म्हटलं, "तुझ्या अबोलीचे केस जरा विस्कटलेत. कसे विंचरायचे ते दाखव बघू."

सून माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिने कपाट उघडलं.

मार्चमधल्या बाहुल्या

आम्ही गेलो ते दिवसच बाहुल्यांचे होते. ३ मार्चला जपानात 'हिनामात्सुरी' असते, म्हणजे मुलींचा सण. ज्या घरी मुलगी आहे त्या घरी लाल कापड घातलेल्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. सर्वांत वर राजा-राणी, खाली तीन दासी, त्याखाली पाच वादक. आपल्या गौरीपुढची आरासच जणू! यातली गंमत ऐका. सण झाला की बाहुल्या लगेच आवरून ठेवायच्या असतात. उशीर केला तर घरातल्या मुलीचं लग्न लांबतं म्हणे! मी हे ऐकून मनसोक्त हसले. लेकीच्या लग्नाची काळजी जगात कुठल्याच आईला चुकलेली दिसत नाही.

ज्या देशात बाहुल्यांना असा मान, तिथे मोठ्या माणसाने बाहुली बाळगणं तितकंसं जगावेगळं नाही. तरी सूनबाई या वाटेला लागली कशी? केस विंचरता विंचरता तिने सांगितलं.

नोकरीसाठी ती एकटी टोकियोला आली तेव्हा पंचविशीची होती. आमच्या मुलाशी ओळखही झालेली नव्हती. जूनमधली पावसाची झोड, छत्री विसरलेली, म्हणून आकिहाबारा भागातल्या एका दुकानात शिरली. आकिहाबारा म्हणजे विजेच्या सामानाचा आणि खेळण्यांचा मोठा बाजार. वरच्या मजल्यावर काचेमागे बाहुल्या बसलेल्या होत्या. त्यातली एक आपल्याकडेच बघते आहे असं तिला वाटलं. डावीकडे सरकली तरी बघते आहे, उजवीकडे सरकली तरी बघते आहे! यात जादू काही नाही. या बाहुल्यांचे डोळे काचेचे नाहीतर अ‍ॅक्रिलिकचे असतात आणि आतून खोलगट घडवतात, त्यामुळे नजर आपल्या मागे फिरल्यासारखी भासते. पण परक्या शहरात, जिथे दिवसभरात आपल्याकडे कुणी मान वर करून बघत नाही, तिथे ते भासणंसुद्धा पुष्कळ झालं. पाऊस थांबला तरी ती तासभर तिथेच होती. मग दीड वर्ष थोडे थोडे पैसे बाजूला टाकले आणि अबोलीला घरी आणलं.

'आणलं' यासाठी तिकडचा शब्द फार गोड आहे. बाहुली विकत घेतली असं हे लोक म्हणत नाहीत. 'ओमुकाए' केलं म्हणतात, म्हणजे सामोरं जाऊन घरी आणलं. आपण गौर आणतो ना, तसंच!

उखळीचा सांधा

आता ही बाहुली असते तरी कशी? शाळेत आपण उखळीचा सांधा शिकलो होतो. खांद्याला आणि खुब्याला असतो तो, खळग्यात बसलेला गोळा. या बाहुलीला तसे सांधे मान, खांदा, कोपर, मनगट, कंबर, खुबा, गुडघा, घोटा अशा सगळ्या जागी असतात. हातपाय आतून पोकळ. त्यातून जाड इलॅस्टिक ओवून ताणून बसवतात आणि टोकांना आकडे अडकवतात. त्या ताणामुळे गोळा खळग्यात घट्ट बसतो आणि जिथे वळवाल तिथे थांबतो. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या मी लहानपणी पाहिलेल्या. त्यांच्या दोऱ्या बाहेर आणि दुसऱ्याच्या हातात. हिची दोरी हिच्या पोटातच!

अंग पॉलियुरेथेन रेझिनचं. साच्यात पातळ ओतायचं, घट्ट झालं की काढायचं आणि कडा घासायच्या. डोक्याची मागची वाटी निघते. आतून डोळे बसवता येतात, बदलता येतात. केसांचा टोप वेगळा. चेहऱ्यावरचा रंग तर हाताने देतात. खडूची पूड कुंचल्याने लावून गाल-ओठ, अ‍ॅक्रिलिक रंगाने भुवया आणि पापण्या, आणि वरून फवारा मारून तो पक्का करायचा. म्हणून एकाच साच्यातल्या दोन बाहुल्यासुद्धा सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. सारख्या, पण एक नव्हेत.

सांधे असलेल्या बाहुल्या युरोपात फार जुन्या. जर्मनीतला एक चित्रकार, हान्स बेल्मर, याने १९३३ साली स्वतःची बाहुली करायला घेतली. बर्लिनच्या संग्रहालयात त्याने सोळाव्या शतकातल्या सांधे असलेल्या लाकडी बाहुल्या पाहिल्या, आणि पुढच्या बाहुलीच्या पोटातही गोळा बसवला. त्याने काढलेले फोटो मला सुनेने दाखवले. खरं सांगते, बघवत नाहीत. मोडलेले, उलटेसुलटे जोडलेले अवयव.

आता पुढचं ऐका. १९६५ साली 'शिन फुजिन' नावाच्या एका जपानी मासिकात बेल्मरच्या बाहुलीची ओळख छापून आली. 'शिन फुजिन' म्हणजे 'नवी स्त्री'. होय, चक्क बायकांचं मासिक! ते लिहिलं होतं तात्सुहिको शिबुसावा या लेखकाने, आणि ते पडलं योत्सुया सिमोन या एकवीस वर्षांच्या मुलाच्या हाती. हा मुलगा लहानपणापासून बाहुल्या करायचा. हव्या तशा वळतील अशा सांध्याच्या बाहुल्या करता येतात, हे त्या एका पानाने त्याला दाखवलं. पुढे काही वर्षं त्याने नाटकातून स्त्रीभूमिकाही केल्या (आपले बालगंधर्व आठवले मला), आणि १९७८ साली टोकियोत बाहुल्या करायला शिकवणारी शाळाच काढली. तेव्हा मैत्रिणींनो, मासिकातलं एखादं पान कुणाला कुठे नेईल सांगता येत नाही. रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळत जा!

सिमोनच्या बाहुल्या कलादालनात बसणाऱ्या. सामान्य नोकरदार बाईच्या घरी ही बाहुली आली ती १९९९ साली. क्योतोच्या 'फोक्स' कंपनीने 'सुपर डॉल्फी' या नावाने सुमारे ५७ सेंटिमीटर उंचीच्या बाहुल्या काढल्या. तोवर ही कंपनी रेझिनच्या जोडणीच्या मूर्ती करायची आणि त्याचं गिऱ्हाईक मुख्यतः पुरुष. या बाहुल्यांमागे बायका आल्या. पुढे कोरियात, चीनमध्येही अशा बाहुल्या करणारे निघाले आणि इंटरनेटवरून हे वेड जगभर गेलं.

सागानोची बाग

याच कंपनीचं क्योतोला एक ठिकाण आहे, 'तेन्शि नो सातो', म्हणजे 'देवदूतांचं गाव'. सुनेची तिथे जायची फार दिवसांची इच्छा होती. आमच्या मुलाला रजा नव्हती, आमच्या ह्यांचे गुडघे दुखत होते. मीच म्हटलं, "चल, आपण दोघी जाऊ. आणि तिघी म्हणालीस तरी चालेल."

अबोलीची तयारी आमच्यापेक्षा मोठी! तिच्यासाठी कापूस भरलेली लांब पिशवी, चेहऱ्याचा रंग पुसू नये म्हणून तोंडावर मऊ मुखवटा, हातांना वेगळी गुंडाळी. टोकियोहून शिंकान्सेन गाडीने क्योतो दोन तासांच्या थोडं वर. गाडी सुटली आणि सुनेने पिशवी मांडीवर घेतली. शेजारच्या आजोबांनी एकदा बघितलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. क्योतोहून लहान गाडीने सागा-आराशियामा स्टेशनावर उतरलो. समोर निळसर डोंगर, बांबूंची दाट वनं, लाकडी घरं. कोकणातली असल्यामुळे असेल, मला तिथे एकदम बरं वाटलं.

हे 'देवदूतांचं गाव' पूर्वी ताकेउचि सेइहो (१८६४–१९४२) या मोठ्या जपानी चित्रकाराचं बागेतलं घर होतं. सुनेने आधीच नाव नोंदवलेलं होतं. एका इमारतीत कंपनीने आजवर काढलेल्या बाहुल्या ओळीने मांडलेल्या, आणि बाहेर शेवाळाची, जुन्या झाडांची बाग. बागेत ठिकठिकाणी बायका वाकून, ओणव्या होऊन, काही चक्क लोटांगण घालून आपापल्या बाहुल्यांचे फोटो काढत होत्या! आपल्याकडे बारशाला घुगऱ्या वाटून झाल्यावर सगळ्याजणी बाळाभोवती जमतात ना, तसाच तो सगळा प्रकार.

मी एका बाकावर बसले. माझ्या मनात एकच प्रश्न, या सगळ्याजणी इथवर आल्या कशा? सून मधे दुभाषी. मी विचारत सुटले. सांगलीच्या बाईला लाज कसली!

ओसाकाची एक शिक्षिका, चाळिशीची. तिच्या धाकट्या भावाला विमानांच्या, रणगाड्यांच्या प्रतिकृती जोडायचा नाद. त्याच्याबरोबर दुकानात गेली, तो एका बाजूला वळला, ही दुसऱ्या बाजूला. "भावाने सामान घेऊन झाल्यावर मला शोधायला यावं लागलं," म्हणाली.

दुसरी सत्तरीच्या आजी. यांना मुळात बाहुली नकोच होती. हौस शिवणाची. आईचे जुने किमोनो पेटीत पडून होते, फाटत चाललेले, टाकवत नव्हते. मैत्रिणीच्या नातीने तिच्या बाहुलीला किमोनो शिवून मागितला. आजींनी जुन्या रेशमाचा एक चांगला तुकडा काढला आणि शिवून दिला. त्या बाहुलीच्या अंगावर आईचा किमोनो बघितला आणि मग त्यांना स्वतःची बाहुली हवीशी वाटू लागली. आता पेटीतला एकेक किमोनो पुन्हा उजेडात येतो आहे. मला आमच्या घरातल्या जुन्या पैठणीचे काठ आठवले.

तिसरा एक कॉलेजातला मुलगा. हो, मुलगे पण असतात! याने सिमोनच्या बाहुल्यांचं प्रदर्शन बघितलं होतं. त्याला बाहुली करायलाच शिकायचं आहे, आणि सांधे समजून घ्यायला ही घेतली. शनिवारी सगळी सुटी करतो, पुन्हा ओवतो.

कुणी नजरेने ओढलं गेलं, कुणी सुईने, कुणी हत्याराने. पण सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखीच आली. घेण्याआधी प्रत्येकाने पुष्कळ दिवस वाट पाहिली होती, आणि जवळजवळ प्रत्येकाला घरातल्या कुणीतरी विचारलं होतं, "आता या वयात कशाला?"

सुनेने ते मला मराठीत सांगितलं आणि खाली बघितलं. मीही खाली बघितलं.

पुलावर

दुपारी आम्ही तोगेत्सुक्यो पुलावर गेलो. लांबलचक पूल, खाली रुंद, उथळ नदी. कठड्याशी उभं राहून मीच विषय काढला. म्हटलं, "त्या दिवशी मी बोलले ते बोलायला नको होतं."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, मूल नाही म्हणून ही बाहुली घेऊन बसते, असं सगळ्यांना वाटतं. अबोली लग्नाच्या आधीची आहे. ती मूल नाही, हे मला चांगलं कळतं. दिवसभर मी ऑफिसचं काम करते, घरी आल्यावर घराचं. सगळ्याचा कुणाला ना कुणाला उपयोग असतो. ही एकच गोष्ट अशी आहे, की तिचा कुणालाच काही उपयोग नाही. ती फक्त माझी आहे."

मग जरा थांबून म्हणाली, "आणि बाळाचं म्हणाल, तर दोन वर्षं आम्ही दोघं डॉक्टरांकडे जातोय. तुम्हाला सांगायचं होतं. कसं सांगावं ते कळत नव्हतं."

काय बोलणार? दोन वर्षं! दर रविवारी फोनवर मी "काय विशेष?" विचारत होते, आणि ते "विशेष" मला कशासाठी हवं आहे हे तिला कळत होतं. मी तिचा हात धरला. त्या हातात अबोलीची पिशवी होती, म्हणून दोघींनी मिळून पिशवी धरली आणि पूल ओलांडला.

दुसऱ्या दिवशी क्योतोतलंच होक्योजि नावाचं मंदिर पाहिलं. याला बाहुल्यांचं मंदिर म्हणतात. वसंतात आणि शरदात काही दिवसच बाहुल्यांच्या प्रदर्शनासाठी उघडतात. राजघराण्यातल्या मुली इथे भिक्षुणी होऊन राहायच्या. लग्न नाही, घर नाही, काही तर अगदी लहान वयात आलेल्या. त्यांच्यासाठी राजवाड्यातून बाहुल्या यायच्या, त्या इथे जपून ठेवल्या आहेत. आता १४ ऑक्टोबरला इथे जुन्या बाहुल्यांसाठी प्रार्थना होते. ज्यांना बाहुली ठेवता येत नाही, ते ती इथे आणून, हात जोडून निरोप देतात. कचऱ्यात टाकत नाहीत. मला दूधवाल्याची ती लेक आठवली. माझी ठकी तिच्या हाती गेली तेव्हा मीही मनातल्या मनात हात जोडले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं.

खणाचं परकर-पोलकं

टोकियोला परतल्यावर एक गंमत झाली. सुनेची ओटी भरायला मी सांगलीहून एक खण नेला होता, गडद डाळिंबी, नारळी काठाचा. ओटी भरली, आणि सून म्हणाली, "आई, याचं अबोलीला परकर-पोलकं होईल?"

ओटीचा खण! क्षणभर माझा हात अडखळला. मग कात्री घेतली. घरात मशीन नाही, सगळं हातानेच. कंबर अवघी वीतभर. धावदोरा घातला, वर उलटी टीप मारली आणि आतून पांढऱ्या मलमलचं अस्तर लावलं, कारण खणाचा रंग अंगाला लागला तर रेझिनवरून तो निघत नाही. तीन दुपारी आम्ही दोघी शिवत बसलो. त्या तीन दुपारी आम्ही जेवढं बोललो तेवढं पाच वर्षांत बोललो नव्हतो.

कुणाला हौस वाटली तर

परत आल्यावर दोघीतिघींनी चौकशी केली, म्हणून थोडी माहिती सांगते.

मोठी बाहुली साधारण ६० सेंटिमीटरची, मधली ४० ते ४५ची, लहान २५ ते ३०ची. पहिली घ्यायची तर लहान किंवा मधली बरी. किंमत कमी, कपड्याला कापड कमी आणि ठेवायला जागाही कमी. परदेशातून मागवली तर किमतीवर टपालखर्च आणि जकात पडते, तो हिशेब आधी करा. फारच स्वस्त मिळत असेल तर ती दुसऱ्याच्या मूर्तीवरून चोरून साचा काढलेली नक्कल असायची शक्यता असते. मूळ करणाऱ्याचं पोट त्यावर आहे, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नका.

रेझिन उन्हाने पिवळं पडतं. खिडकीत किंवा उन्हाच्या कपाटात बाहुली ठेवू नये. गडद रंगाचे कपडे आधी धुऊन घ्यावेत आणि आत पांढरं अस्तर द्यावं. चेहऱ्याला बोट लावू नये, उचलताना कमरेला आणि मानेखाली धरावं. आतलं इलॅस्टिक काही वर्षांनी सैल होतं, ते बदलता येतं. रेझिन घासायची वेळ आली तर तोंडाला मास्क लावून आणि पाण्याने ओलं करून घासावं, ती पूड छातीत जाणं वाईट. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपड्यांना आणि टोपाला बुरशी येते, म्हणून कोरड्या दिवशी ते हवेवर टाकावेत. आणि ही लहान मुलांची खेळणी नव्हेत. पोरांच्या हाती एक वेगळी ठकी द्यावी!

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कर्ज काढून घेऊ नका. सूनबाई दीड वर्ष थांबली. त्या बागेतल्या सगळ्याजणी सांगत होत्या, वाट पाहण्यातच निम्मी मजा आहे.

मे महिन्यात भाचीच्या लग्नाला सावंतवाडीला गेले, तेव्हा चितार आळीत एक चक्कर टाकली. लाल लुगड्याची, पिवळ्या चोळीची एक ठकी मिळाली. हात अंगालाच कोरलेले, ना वाकणारी ना बसणारी. आमच्या ह्यांनी विचारलं, "कुणासाठी?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

आता ती सांगलीला आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटात काचेमागे उभी आहे. परवा शेजारच्या काकू आल्या, त्यांनी बघितली. "अय्या, नातीची तयारी वाटतं? काही विशेष?"

"नाही हो," मी म्हटलं. "माझी आहे."

काकूंनी काच सरकवून ठकीला हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. म्हणाल्या, "आमच्या घरीपण होती बघा अशीच एक. मी आठवीत असताना..." आणि त्या सांगत राहिल्या. माझा चहा गार झाला, त्यांचाही झाला.